एकट्याला टेबल नाही

"एकट्याला टेबल नाही," मामा म्हणाले, आणि दारात छत्री झटकत उभी असलेली ती हसलीच.

बार आज संध्याकाळी कायमचा बंद होणार होता. अर्ध्या खुर्च्या जुन्या गिऱ्हाइकांनी आठवण म्हणून उचलून नेल्या होत्या, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते... आणि तरी मामांचा कायदा जागच्या जागी होता! कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या या बारमध्ये एकट्या माणसाला कधीच टेबल मिळालं नाही. "एकट्याने प्यायला घर आहे की," असं म्हणून मामा कुणालाही कुणाच्याही समोर नेऊन बसवत. प्रोफेसरांसमोर त्यांनीच नापास केलेला विद्यार्थी, वकिलासमोर त्याचाच हरलेला पक्षकार. कुणी कुरकुर केलीच, तर मामांना नेमकं तेव्हा ऐकू येत नसे.

"पण मामा, आज समोर बसायला आहेच कोण?"

"आहे एक." मामांनी कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. "जा, बस त्याच्यासमोर, लिंबू."

लिंबू! बारमध्ये येऊन फक्त लिंबू-सोडा पिणाऱ्या मुलीला दुसरं काय नाव पडणार होतं? आता ती फिजिओथेरपिस्ट होती. बाहेरगावची नोकरी सोडून परत आली होती, बाजारात स्वतःचा दवाखाना थाटला होता, आणि पेशंट तिला अदबीने मॅडम म्हणत. पण या गल्लीत ती अजून फिरकली नव्हती. वाकडी वाट करून घरी जायची. आज एका पेशंटने सहज सांगितलं, मामांचा बार बंद होतोय म्हणून, आणि तिचे पाय आपोआप इकडे वळले.

खिडकीखाली ते जुनं डुगडुगतं टेबल होतं. आणि टेबलामागे... केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, हातात स्क्रू ड्रायव्हर.

पाचर.

तिला आल्या पावली परत जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी धावत जाऊन त्याच्या केसांतला भुसा झटकावासाही वाटला. यातलं काहीच न करता ती समोर जाऊन बसली.

"तू?" तो म्हणाला.

"मी नाही, मामांनी बसवलंय."

"काउंटर सुटा करायला आलोय मी," तिने विचारलेलं नसताना त्याने खुलासा केला. "म्हणजे... मामांनी बोलावलं. बाबांचा कारखाना आता मीच बघतो."

"दिसतंय. डोक्यावर घेऊनच हिंडतोयस कारखाना."

त्याने घाईघाईने केसांवरून हात फिरवला. भुसा टेबलावर पडला, कोपर टेकलं, आणि टेबल एकदम त्याच्या बाजूला कललं. तिचा पाय खालच्या आडव्या पट्टीवर कधी गेला ते तिलाही कळलं नाही. पलीकडून त्याचाही पाय आला. टेबल गप्प झालं.

दोघंही खाली बघत राहिले.

त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. दोघांनी दोन बाजूंनी पट्टीवर पाय दाबून धरले तरच ते स्थिर राहायचं. कॉलेजच्या दिवसांत मामांनी या दोघांना, एकमेकांची ओळखही नसताना, इथंच समोरासमोर बसवलं होतं. पहिल्याच मिनिटाला तिचा सोडा त्याच्या वहीवर सांडला होता. मग तो रोज पुठ्ठ्याची घडी आणून त्या पायाखाली सरकवायचा. ती घडी तासाभरात निसटायची, आणि पुन्हा दोघांचे पाय पट्टीवर. मामांनी त्याचं नाव पाचर ठेवलं ते तेव्हाच. सुताराच्या पोराला साधं टेबल नीट करता येत नाही, यावर अख्खा बार हसायचा. तोही हसायचा, पण काही बोलायचा नाही. न बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मामा लिंबू-सोडा घेऊन आले. एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताने भिंत धरत.

"गुडघे का हे?" तिने लगेच विचारलं.

"त्यांच्यामुळेच तर दुकान गुंडाळतोय. लेक म्हणते, माझ्याकडे या."

"उद्या लेकीकडे जायच्या आधी माझ्याकडे यायचं. आणि हे असं वाकून चालायचं नाही, किती वेळा सांगायचं पेशंटना!"

"मी कधी झालो पेशंट? आली नाहीस तोवर हुकूम सोडायला लागलीस." मामा खूश होऊन काउंटरकडे वळले. जाता जाता खांद्यावरून म्हणाले, "याचीही नाडी बघ. गावभरच्या नवरानवरींचे पलंग करतो आणि स्वतः मात्र अजून सडाफटिंग!"

पाचरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने सोड्याचा मोठा घोट घेतला. लिंबू नेहमीसारखं जास्त होतं, आणि तिला उगीचच बरं वाटलं.

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. काउंटरवरचे ग्लास मामा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. थोड्याच वेळात हे टेबलही बाहेर जाणार होतं. इतकी वर्षं तिने एक प्रश्न मनात धरून ठेवला होता. तो विचारायचा तर इथंच, याच टेबलावर. उद्या रस्त्यात तो भेटला तर ती नुसतं 'कसा आहेस' म्हणेल, तो 'बरा आहे' म्हणेल, आणि संपलं!

"त्या संध्याकाळी तू आला का नाहीस?"

त्याचा स्क्रू ड्रायव्हर हातात थांबला.

"मी गाव सोडून जायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "तूच म्हणालास, काहीतरी सांगायचंय, थांब. मी थांबले. मामांनी दिवे मालवले तोपर्यंत. मग समजले, हेच तुझं सांगणं."

"मी आलो होतो."

"खोटं नको बोलूस."

"दारापर्यंत आलो होतो." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "तुझ्यासमोर कुणीतरी बसला होता. चांगले कपडे, चकाकते बूट... आणि तू इतकी हसत होतीस. माझ्यासमोर कधी तशी हसली नव्हतीस. मला वाटलं... म्हणजे, मी कोण मध्ये कडमडणारा? म्हणून गेलो परत."

तिने ग्लास खाली ठेवला.

"अरे, तो कानाची यंत्रं विकणारा होता!"

"काय?"

"गावोगाव फिरून कानाची यंत्रं विकायचा! आणि त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, माझा मित्र येणार आहे, तर म्हणाला, हो हो, चित्र छान आहे! मग हसू नको तर काय करू?"

तेवढ्यात काउंटरमागून हातातला ग्लास तसाच धरून मामा बाहेर आले.

"अरे गाढवा, त्याला तिथं मीच बसवला होता! ती एकटी होती, तो एकटा होता. या बारमध्ये दुसरं काय होतं रे? जगात कुणीही असला समज करून घेतला असता तर मी समजलो असतो. पण तू? तुम्हा दोघांनाही मीच बसवलं होतं ना? स्वतःच्याच सुखाला पाचर मारणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय!"

"तसं नाही मामा..."

"कसं नाही? बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात बाबा. तू आणलेले आंबे घेऊन परत गेलास!"

पाचर खजील होऊन हसला. तिलाही हसू फुटलं, पण डोळे भरून आले. चिडावं की रडावं तेच तिला कळेना. एवढी वर्षं! एका बहिऱ्या विक्रेत्यापायी!

"मला एक फोन करता आला नाही?" ती म्हणाली.

"तुला आला?"

आपणही ताठ्यातच होतो, हे तिला आता कबूल करावं लागलं, निदान मनातल्या मनात.

त्याने पायाशी ठेवलेली हत्यारांची पेटी उघडली. तळाशी हात घालून एक छोटीशी लाकडी पाचर काढली. गडद शिसवी लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली, कडा गोल केलेल्या.

"ही आणली होती त्या दिवशी. मापाने केलेली."

"म्हणजे टेबल नीट करता येत होतं तुला?"

"सुताराचा पोरगा आहे मी. दहा मिनिटांचं काम!"

"मग तो पुठ्ठा? रोज रोज?"

"पुठ्ठा निसटतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "निसटला की तुझा पाय इथं यायचा."

तिच्या गालांवर ऊन चढल्यासारखं झालं. पावसाळी दुपारी!

तो गुडघ्यावर बसला आणि त्याने ती पाचर आखूड पायाखाली सरकवली. टकटक... दोनदा हलकेच ठोकली. मग वर येऊन त्याने टेबलावर तळवा दाबून बघितला. टेबल जराही हललं नाही. तिच्या सोड्यावर साधा तरंगही उठला नाही.

"त्या दिवशी एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला. "टेबल हलायचं थांबलं... तरी पाय इथंच ठेवशील का?"

ती हात पुढे करून त्याच्या केसांत राहिलेला भुसा काढू लागली, अगदी सावकाश, कण न् कण.

"चला, पाय काढा आता," मामा पलीकडून ओरडले. "टेबल बाहेर न्यायचंय."

"हे टेबल माझ्या घरी जाणार आहे, मामा," ती म्हणाली. "आणि पाय आत्ताच निघणार नाही."

मामांना नेमकं तेव्हा ऐकू आलं नाही. ते ग्लास गुंडाळत राहिले.