बिनमातीची गच्ची

खालच्या काकूंच्या घरातून ठक् ठक् आवाज आला आणि तिचं रेकॉर्डिंग पुन्हा वाया गेलं. ती चित्रपटांतल्या नायिकांना आवाज द्यायची, घरातल्या कपाटाएवढ्या खोलीत बसून. तणतणत ती जिना उतरली, तर स्टुलावर एक इंजिनिअर उभा. हातात छोटी हातोडी, केसांत प्लॅस्टरचा चुरा. काकूंच्या छताला भेगा पडल्या होत्या. त्याच्या बरोबर वर तिची गच्ची, आणि गच्चीभर मातीच्या कुंड्या.

"कुंड्या काढाव्या लागतील," तो न बघताच म्हणाला. मग त्याने बघितलं... आणि पुढचं बोलायचं विसरला.

"अडचण वजनाची आहे की झाडांची?"

"वजनाची."

"मग वजन कमी करते. झाडं कुठेही जाणार नाहीत."

घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला होता. तो परत येईपर्यंत ती रोज त्या झाडांशीच बोलत बसायची — आधी नुसती कुजबुज, मग शब्द, मग वाक्यं. हे तिने त्याला पुढे केव्हातरी सांगितलं. त्या दिवशी फक्त मुदत मागितली. त्याने छताला टेकू लावले आणि मुदत दिली.

मातीशिवाय, पंपाशिवाय झाडं वाढतात, हे तिने शोधून काढलं. कुंडीच्या तळाशी थोडं पाणी, आणि वर ते हळूहळू ओढून घेणारं, मुळांना धरून ठेवणारं काहीतरी. ते काहीतरी कोणतं, इथेच घोडं अडलं. दर शनिवारी कुंड्यांचं वजन करायला तो ताणकाटा घेऊन येऊ लागला.

खडी मातीहून जड निघाली, आणि तिच्यातून पाणीही वर चढेना. पर्लाइटचे पांढरे दाणे पिसासारखे हलके. पण वारा सुटला, कुंड्या आडव्या झाल्या आणि दाणे थेट काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. काकूंनी दोघांनाही फैलावर घेतलं. तो निमूटपणे खाली बसला आणि मोज्यांतला एकेक दाणा वेचू लागला. ती त्याची बोटं बघत राहिली... आणि त्याने मान वर करताच दोरीवरच्या चादरीकडे बघू लागली.

काथ्याचा भुसा तोच घेऊन आला. भुसा पाणी धरून बसला आणि पुदिन्याची मुळं कुजली. तिचे डोळे भरून आले. आता सोडून द्यायचं का, असं त्याने हळूच विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि कात्री घेऊन कुजलेली मुळं छाटायला बसली. त्याने न सांगता कुंडी धरली.

शेवटी भाजलेल्या मातीचे हलके, सच्छिद्र गोळे आले. दोघांनी ते खळखळून धुतले. मुळांवरची मातीही धुऊन काढली. कुंड्या वाऱ्याला दाद देईनात, गोळ्यांच्या फटींतून मुळांना हवा मिळू लागली. एका शनिवारी तिने वरचे गोळे बाजूला सारले, तर आत पांढरंशुभ्र नवं मूळ.

त्याने काटा लावला. गच्चीला आता धोका नाही, पुन्हा तपासायची गरज नाही, असं म्हणाला. चेहरा मात्र पडलेला.

"म्हणजे तुम्ही आता येणार नाही."

"कारण उरलं नाही."

"कारण लागतं?"

तो काट्याचा हूक उगीच फिरवत राहिला. "खरं सांगू? भुशाचं वजन मी घरीच करून पाहिलं होतं. इथे आलो ते... तुम्हाला भेटायला."

कितीतरी नायिकांच्या तोंडी तिने प्रेमाची वाक्यं घातली होती. आत्ता त्यातलं एकही आठवेना.

"मग पुढच्या शनिवारी काटा घरी ठेवून ये," ती म्हणाली.

'या'चं 'ये' झालं, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. ती लाजली, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"येतो," तो म्हणाला — आणि जागचा हलला नाही.