अश्वजितनं टाकलेली वायर

आम्ही भूत मानणारे लोक नाही.

बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरची... असली थेरं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. म्हणून हे सांगताना माझीच जीभ अडते. पण झालं ते झालं. माझ्या नणंदेनं, तुळसाबाईनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला एकटीला सांगितलं. तुळसाबाई तोंडाची तिखट आहे. खोटारडी नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

भर दुपारची आहे. मे महिन्यातली. आर्णीजवळच्या तिच्या गावातली.

दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं, दीपमालाचं लग्न होतं. वरातीपुढं भावाची, संघदीपची गाडी वाजणार होती. संघदीपची गाडी म्हणजे चार चाकांवर बसवलेला आवाज. मागची सीट काढून दोन मोठे बेस स्पीकर बसवलेले, त्यांच्यामागं त्यांना ताकद देणारा सुटकेसएवढा अ‍ॅम्प. पंचक्रोशीत तशी गाडी नाही.

पण गेल्या पावसाळ्यापासून तिला एक खोड लागली होती.

हळू वाजवा, तासन् तास वाजायची. आवाज चढवला, लोक नाचायच्या रंगात आले, की...

बंद.

अ‍ॅम्पवर लाल दिवा लागायचा आणि संघदीपची मान खाली जायची. त्यानं जोडीला आणखी एक बॅटरी बसवली. बॅटरी भरणारा अल्टरनेटरही मोठा टाकला. तरी तेच. पुढं बॅटरी भरलेली, मागं अ‍ॅम्प उपाशी. पोरानं सगळं बदलून पाहिलं.

फक्त वायर बदलली नाही.

कारण ती वायर अश्वजितनं टाकली होती.

अश्वजित आर्णीचा वायरिंगवाला. संघदीपचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची आई लहानपणीच गेली, म्हणून तुळसाबाईला माय म्हणायचा. तिच्या घरात त्याचं वेगळं ताट होतं. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची अंगठ्याएवढी जाड वायर टाकली, त्या दिवशी त्या वायरीवर हात ठेवून म्हणाला होता, "माय, अस्सल तांबं आहे. गाडी भंगारात जाईन, वायर राहीन."

त्याच पावसाळ्यात दिग्रसच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली. जागीच गेला. तुळसाबाईनं त्याचा फोटो आपल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी लावला. पोटचा लेक गेल्यासारखी रडली.

त्याची एक सवय होती. स्पीकर बसवला की पेन्सिल सेल त्याच्या दोन तारांना टेकवून पाहायचा. सेल टेकला की स्पीकर आतून ठोकल्यासारखा वाजतो. टप. टप. टप. मोजून तीनदा. आणि मग हाक... "माय, चहा टाक."

त्या दुपारी संघदीप दोन्ही बॅटऱ्या काढून आर्णीला चार्जिंगला घेऊन गेला होता. उद्या कुठं कमी पडायला नको म्हणून. दीपमाला मैत्रिणीकडं मेंदी काढायला गेलेली. लाइन गेली होती. कूलर बंद. तुळसाबाई ओसरीत उद्याचे तांदूळ निवडत बसली होती.

बाहेर चिमणीचाही आवाज नव्हता.

आणि...

टप.

तिनं मान वर केली. अंगणात गाडी उभी. बोनेट उघडं, आत बॅटरीच्या जागा रिकाम्या.

टप.

तिला वाटलं, गल्लीतलं एखादं पोट्टं गाडीत शिरलं. दोन शिव्या हासडत ती उठली.

टप.

पायऱ्या उतरता उतरता ती थांबली. तीन झाले होते. तिचे कान आपसूकच पुढच्या हाकेची वाट पाहायला लागले.

हाक आली नाही.

गाडीत कोणी नव्हतं. पण खर्र्याचा वास होता. ओला, ताजा, आताच घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा. संघदीप खर्रा खात नाही.

अश्वजित खायचा.

खालची मॅट एका कोपऱ्यातून उचललेली होती. तिच्याखालून ती जाड लाल वायर बाहेर ओढलेली. आणि बोटभर जागेवरचं प्लास्टिक सोललेलं...

दातांनी.

अश्वजित बारक्या तारा दातांनीच सोलायचा. तुळसाबाई त्याला ओरडायची, दात पडतील म्हणायची. पण एवढी जाड वायर कोणी दातांनी सोलत नाही.

तरी ती वाकली. का वाकली, ते तिलाही सांगता येत नाही. शाळा तिनं दुसरीत सोडली, पण पाण्याचा तांब्याचा गुंड ती पन्नास वर्षं चिंच लावून घासते आहे. तांबं तिला कोणी शिकवायला नको. उघड्या तारेवर ऊन पडलं आणि तिला तो रंग खटकला.

तिनं घरातून विळा आणला. आतली एक तार खरडली.

लाली निघून गेली. आत पांढरं.

दुसरी खरडली. पांढरं.

तिसरी.

वरून तांब्याचा नुसता मुलामा. आत ॲल्युमिनियम.

तुळसाबाई तिथंच गाडीच्या दारात बसली. भीती कुठल्या कुठं गेली होती. तिनं आत, त्या बंद बेसकडं पाहिलं आणि बोलली.

"तुह्यं ताट मी अजून कोणाले दिलं नाही रे, अश्वजित."

तिनं खरडलेली तार बोटांत धरली.

"तुले माहीत होतं? का तुलेच कोणं फसवलं?"

ती थांबली. खूप वेळ थांबली. ऊन पायरीवरून सरकून तिच्या पायांवर आलं.

मग...

टप.

एकदाच.

ते कशाचं उत्तर होतं, कोण जाणे. पुन्हा काही वाजलं नाही.

संध्याकाळी संघदीप आला तेव्हा तिनं ती सोललेली वायर त्याला दाखवली. वास, टपटप, काही सांगितलं नाही. पोरगा आधी आईवरच चिडला. अश्वजित असं करणार नाही म्हणाला. मग त्यानं स्वतः विळा घेतला. चार-पाच तारा खरडल्या आणि विळा खाली ठेवला.

दिग्रसहून दुसरा वायरिंगवाला बोलावला. त्यानं बॅटरीजवळचा फ्यूजचा डबा उघडला आणि संघदीपच्या तोंडाकडं पाहिलं. आत फ्यूज नव्हताच. नुसती तार पिळून लावलेली. त्यानं साफ सांगितलं, असल्या वायरीतून करंट पुरत नाही, ती नुसती तापते; त्यात आता मोठा अल्टरनेटर आहे, दोन बॅटऱ्या आहेत. उद्या वरातीत तासभर फुल्ल वाजली असती, तर ही वायर पेटली असती. पळायला वेळ मिळाला नसता.

गाडी संघदीप चालवणार होता. आणि त्याच्या मांडीवर बसायचं म्हणून भावकीतली दोन लेकरं आधीच भांडत होती.

नवी वायर पडली. वरात जोरात झाली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

हे सगळं ऐकल्यावर मी तुळसाबाईला म्हटलं, वन्सं, मग लोक रंगात आले की गाडी बंद पडायची, ती अश्वजितच बंद करत असेल. तुमच्या लेकराला वाचवत होता तो.

ती फटकन म्हणाली,

"वाचवाचं होतं त् खरी वायर टाकाची होती."

त्याचा फोटो तिनं उतरवला आहे. भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा उरला आहे. ताट मात्र मांडणीतच आहे. कोणाला देत नाही, कोणाला वाढत नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेले होते. दुपारी दोघी ओसरीत बसलो होतो. संघदीप आत झोपलेला. गाडी अंगणात, कुलूप लावलेली.

टप... टप... टप...

मी तुळसाबाईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, उठली आणि चहा टाकला. तीन कप भरले. एक मला दिला, एक स्वतः घेतला. तिसरा ओसरीच्या कडेला, गाडीच्या समोर ठेवला.

मी म्हटलं, त्याला देता?

"देत नाही," ती म्हणाली. "दाखवते."

आम्ही चहा प्यायलो. तिसरा कप तसाच राहिला. त्यावर साय धरली. वारा नव्हता, कुठं काही वाजत नव्हतं.

पण त्या सायीवर... बारीक बारीक गोल उमटत होते. बेसपुढं पाण्याचा ग्लास ठेवला की उमटतात ना, तसे.

मी तिथून उठले. तुळसाबाई नाही उठली. कप पूर्ण थंड होईपर्यंत ती त्याच्याकडं बघत बसली होती.