अबोलीची वेणी

अबोलीला वास नसतो, पण ती टिकते. मोगरा एका रात्रीत तांबूस पडतो. अबोली ओल्या केळीच्या पानात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली, तर आठवडाभर मान टाकत नाही. काशीदला शाळेत शिकवत होतो, तेव्हा माझ्या कुंपणाला तिचीच झाडं होती. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. पुढचं सांगताना अजून चाचरतो.

शेजारचा सदा कोळी सत्तावन्न सालच्या वैशाखात होडी घेऊन निघाला. बायकोच्या, चंद्राबाईच्या वेणीतलं एक फूल खुडून त्याने आपल्या लाल टोपीत खोवलं.

"बाकीची जप. मी येईतो सुकू नको देऊस," तो हसत म्हणाला.

वादळ त्याच रात्री आलं. होडीच्या फळ्या सापडल्या, सदा नाही.

चंद्राबाईने कुंकू पुसलं नाही. "वेणी ताजी हाय," एवढंच ती म्हणे.

"नवरा न्हाय टिकला, फुलं टिकली!" विहिरीवर नीराबाई टोमणा मारी. "गुरुजींच्या कुंपणात हात घालत असंल रोज."

मलाही तसंच वाटे. पण मिरगाच्या पावसात माझी अबोली मुळासकट कुजली.

आषाढात चंद्राबाईने मला घरात बोलावलं. माठाखालून पुडी काढली, पान उलगडलं.

"गुरुजी, अबोली किती दिस टिकते?"

"आठ. फार तर दहा."

फुलं टवटवीत होती. सदाने खुडलं तिथे धागा उघडा होता. मी पुडी हातात घेतली. माठाखालची वस्तू गार लागायला हवी. ही मुठीच्या आतल्यासारखी ऊबदार होती. कदाचित माझाच हात तापला असेल. मी पान पुन्हा मिटलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या सांजेला तिचा सासरा कोंडाजी दारात येऊन बसला.

"पोरी, उद्या दर्याला नारळ द्यायचा. पोराला असा अर्ध्यात टांगून कसा देऊ? मोकळा कर त्याला."

"मामा, ताजी हाय ती."

"म्हणून तर सांगतो."

त्याच सांजेला ती वेणी घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. वाळूवरून मी पाहत होतो. वेणी लाटेवर पसरली, आणि दुसरी लाट यायच्या आत फुलं काळवंडून गळाली. चंद्राबाई परतली. खडकावर तिने बांगड्या फोडल्या, एकेक करून.

सकाळी नारळ घेऊन गाव किनाऱ्यावर आला.

ओल्या वाळूत सदा पडला होता.

दाढी वाढलेली नव्हती. बोटंसुद्धा पाण्याने सुरकुतली नव्हती.

कोंडाजीने त्याच्या छातीवर तळवा ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, ऊब हाय अजून."

श्वास नव्हता.

चंद्राबाईने रिकाम्या मनगटांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लाल टोपीत अबोलीचं एक फूल होतं.

ते आत्ता कुठे मान टाकत होतं.