खालच्याचं माळवद, वरच्याचं अंगण

"कोण नाचतंय हो वर? माझ्या वरणात माती पडायलीय!"

पल्लवी दचकली. पायाखालून आवाज? खडकउंबरी म्हणजे डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखं रचलेलं जुनं गाव. खालच्या घराचं मातीचं माळवद हेच वरच्या घराचं अंगण! हैदराबादहून आर्किटेक्चर कॉलेजच्या सहलीला आलेल्या पल्लवीला ते कुठलं ठाऊक? तिनं गुडघे टेकून उजेडाच्या झरोक्यातून खाली पाहिलं. ताटावर हात धरून एक तरुण वर बघत होता. केसांत माती... आणि डोळे मात्र हसरे.

"सॉरी हं! पण किती सुंदर छत आहे तुमचं."

"खालून नाही वाटत तसं. पुढच्या वर्षी स्लॅब टाकतो."

"खबरदार! हे सागवानी खांब, ही नक्षी, हा गारवा... आणि तुम्ही सिमेंट ओतणार? डोकं फिरलंय का, हौले आहात का?"

"आधी खाली या, जेवा. मग शिव्या द्या."

ती जेवलीही, आणि शिव्याही दिल्या.

तो उदय. हैदराबादलाच, आबिड्सच्या पोस्टात नोकरीला, सुट्टीत गावी आलेला. त्यानंतर पल्लवीला पोस्टाची तिकिटं फारच लागायला लागली.

"इतकी पत्रं कोणाला लिहिता?" खिडकीपलीकडून त्यानं एकदा विचारलंच.

"कोणालाच नाही..." ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

वर्षभरात गोष्ट पल्लवीच्या नल्लकुंट्यातल्या घरी पोचली. तिच्या बाबांची, शशिकांतरावांची, नारायणगुड्यात सिमेंटची एजन्सी. बाजार नुकता खुला झालेला, धंदा जोरात, घरात नवी केबल. त्यांनी उदयला चहाला बोलावलं.

"मुलगा चांगला आहेस. पण माझी मुलगी मातीच्या छताखाली? देश कुठं चाललाय, अन् तुम्ही कुठं! आधी ते घर पाडा, स्लॅब टाका. मग मुहूर्त काढू."

हो म्हटलं की पल्लवी त्याची होणार होती. उदयनं मान खाली घातली. "टाकतो, काका."

पल्लवीनं चहाचा ट्रे आपटला. "टाक ना! मी नाही येणार त्या घरात."

"पल्लवी!"

"बाबा, ते घर पाडलं की वरच्या घराचं अंगण जातं. माझ्या लग्नासाठी शेजाऱ्याचं अंगण पाडायचं? नक्को मला असलं लग्न!"

"मग होणारच नाही हे लग्न," बाबा म्हणाले.

उदय उठला. बाबांच्या शेजारची खुर्ची सोडून तो पल्लवीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"चुकलो, काका. स्लॅब नाही टाकणार. आणि लग्न होणार. तुम्ही आलात तर आनंदच आहे. नाही आलात तर... रजिस्टर ऑफिसात करू."

"माझ्याच घरात येऊन मला ऐकवतोस?"

"हौ काका. इथं नाही बोललो, तर हिला कुठल्या तोंडानं मागू?"

पल्लवीनं बाबांच्या देखत त्याचा हात घट्ट धरला... आणि सोडला नाही.