हिंदुरावांचा राग

गडहिंग्लजच्या मैदानावर फुटबॉलचा अंतिम सामना चारला सुरू व्हायचा होता आणि साडेतीन वाजले तरी समालोचकाला आवाज नव्हता. हिंदुराव चौगुले गळ्यात कंठपट्टी बांधून माईकसमोर बसले होते. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. ही पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचून त्यांच्याच आवाजात बोलणार होती, आणि तो आवाज शेजारच्या, संगणक शिकलेल्या नाझनीन मुल्लाणीने त्यांच्या चाळीस वर्षांच्या समालोचनाच्या टेपांवरून तयार केला होता. आज जमलं नाही तर स्पर्धेचं मंडळ कायमचा दुसरा समालोचक नेमणार होतं.

आवाजाच्या दोनशे बारा फाइली, स्वराच्या एकेका छटेची एक, लिस्प या कंसांनी भरलेल्या संगणकभाषेत होत्या. 'जुळारी' नावाचा प्रोग्राम त्या एकेक करून यंत्राच्या भाषेत उतरवायचा आणि जोडायचा. दोनशे अकरा बिनबोभाट उतरल्या. 'राग' नावाच्या फाइलीवर गाडं अडलं. नाझनीनने ती उघडली आणि तिला हसूच आलं. संगणकाने टेपा ऐकून स्वतःच लिहिलेल्या त्या फाइलीत कंसात कंस उघडत गेले होते, आणि शेकडो मिटलेच नव्हते.

"बरोबर हाय की," हिंदुरावांच्या पत्नी शेवंताकाकू म्हणाल्या. "त्यांचा राग असाच. सुरू झाला की मिटायचं नाव न्हाई."

दुरुस्तीला वेळ नव्हता. एखादी फाइल नापास झाली तर काय करायचं, यासाठी जुळारीत तीन पर्याय होते: थांब, सांगून पुढे जा, गुपचूप पुढे जा. आतापर्यंत पहिला निवडलेला होता. काकूंनी हळूच तिसऱ्यावर बोट ठेवलं. ह्यांना कळायचंही नाही, असं त्या पुटपुटल्या. नाझनीनलाही मोह झाला, कारण हिंदुरावांचा पारा ती लहानपणापासून पाहत आली होती. पण आवाज त्यांचा होता. तिने दुसरा पर्याय निवडला.

पडद्यावर ओळ उमटली: 'राग' जोडलेला नाही. हिंदुरावांनी ती दोनदा वाचली, काकूंकडे एक नजर टाकली आणि माईक जवळ ओढला.

"नमस्कार, गडहिंग्लजकर," भोंग्यातून तोच जुना आवाज आला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. नाझनीनला रडू आवरेना.

उत्तरार्धात पंचांनी धडधडीत गोल नाकारला. हिंदुराव आता पंचांना कसे सोलतात, याची लोक वाट पाहू लागले. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि भोंग्यातून अगदी मऊ स्वर आला, "पंचसाहेब, चष्मा घरी ऱ्हायला जणू?" मैदान खदखदून हसलं. पंचसुद्धा हसले.

सामना संपेपर्यंत नाझनीनने सगळे कंस मिटवले होते. फाइल उतरली. आता जोडू का, असं तिने काकांना विचारलं.

हिंदुरावांनी माईक बाजूला सारला. मग म्हणाले, "तुझ्या काकूला इचार."

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना कुणी काही विचारलं नव्हतं. दुपारी त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. पण दोन वर्षं घरात कुणी ओरडलं नव्हतं, आणि ती शांतता त्यांना खायला उठत होती.

"नाझनीन," त्या शेवटी म्हणाल्या, "थोडासाच राग बसवता येतोय काय गं?"