तारांवरचा हात

रविवारी दुपारी आम्ही दादाच्या गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडायला गेलो होतो, एवढंच. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते आणि घाबरट लोकांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. महिन्यापूर्वी अपेंडिक्सच्या साध्या ऑपरेशनमध्ये त्याचं हृदय बंद पडलं. चार मिनिटं. डॉक्टरांनी त्याला परत आणलं. वहिनी आणि मी त्याला घरी घेऊन आलो तेव्हा आनंदानं आम्हाला काही सुचत नव्हतं. तो पूर्वीसारखाच जेवत होता, मला पूर्वीसारखंच 'चिमे' म्हणत होता. फक्त गिटार हातात घेतली की कुरकुरायचा. जुना अ‍ॅम्प बिघडलाय, त्याची घुरघुर थांबत नाही, म्हणायचा.

आणखी एक बदल झाला होता, पण तो मी मनावर घेतला नव्हता. वाजवण्याआधी तळहात तारांवर ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा, ही त्याची पोरवयापासूनची खोड. दोनदा, मोजून. "गिटारची परवानगी घेतोस का रे?" म्हणून मी त्याला छळायचे. दवाखान्यातून आल्यापासून तो थेट वाजवायलाच लागायचा.

अ‍ॅम्पवाले काका एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बसत. आत कथिलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास. ते फक्त जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, स्पीकर त्याच पेटीत बसवलेले अ‍ॅम्प बनवायचे आणि विकायचे. दादाची गिटार त्यांनी कानाजवळ धरून नुसतीच छेडली.

"आवाज टोकदार आहे हिचा. हिला मऊ जोडीदार लागेल. दोघंही टोकदार असले की संसार होत नाही."

दादा हसला. मीही हसले.

पहिला अ‍ॅम्प दोन स्पीकरांचा, उचलताना माझी पाठच गेली. आवाज स्वच्छ, पण कानात सुई टोचावी तसा. दुसरा इवलासा, पाच वॅटचा. जरा जोर लावला की फाटायचा. तिसरा पंधरा वॅटचा, बारा इंची एकच स्पीकर. काकांनी बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबले. काचेच्या आत नारिंगी उजेड धरला. दादानं एक सूर छेडला आणि तो असा गोल, भरलेला आला, की मीच "हाच!" म्हणून ओरडले.

"थांबा," काका म्हणाले. "गिटार गप्प असताना कशी वाटते तेही ऐकायचं असतं."

त्यांनी गिटार स्टँडवर ठेवली. स्पीकरमधून बारीक घुरघुर यायला लागली. "ही अशी जुन्या पद्धतीची गिटार कुणी धरली नसेल, तर घुरघुरतेच. माणसानं तारांना हात लावला, की अंगातून विजेला मार्ग मिळतो आणि आवाज बसतो. बघा." त्यांनी एक बोट तारांना टेकवलं. घुरघुर एकदम विरली. बोट काढलं, पुन्हा सुरू.

मी बोट टेकवलं. शांत.

"आता तुम्ही," काका दादाला म्हणाले.

दादानं पूर्ण पंजा तारांवर ठेवला. घुरघुर तशीच राहिली.

"दाबा नीट."

त्यानं इतकं दाबलं, की बोटांच्या टोकांवरचं रक्त हटून ती पांढरी पडली. घुरघुर तशीच.

"हेच सांगतोय मी," दादा वैतागून म्हणाला. "सगळे अ‍ॅम्प असलेच निघतात."

बोटं कोरडी असतील, मी म्हटलं. प्रयोगशाळेत पोरांना हेच तर शिकवतो आम्ही. मी त्याची बोटं माझ्या ओल्या रुमालानं पुसली. ऊबदार होती. मनगटावर नाडी चालू होती, मी मुद्दाम पाहिली. त्यानं पुन्हा हात ठेवला. काहीही फरक नाही. काकांनी मग अंगातून वीज वाहते का ते दाखवणारं मीटर काढलं, दोन सळ्या माझ्या दोन हातांत दिल्या. काटा हलला. त्याच सळ्या दादाच्या ओल्या हातांत दिल्या.

काटा पडूनच होता. टेबलावर नुसत्या ठेवलेल्या सळ्यांना दाखवतो तसा.

लाकूडसुद्धा ओलं केलं की काटा थोडा तरी हलतो हो!

दादा त्या तिसऱ्या अ‍ॅम्पची पेटी उचलून गाडीत ठेवायला गेला, तेव्हा काका माझ्याजवळ आले. "ताई... यांना बरं नव्हतं का?"

"ऑपरेशन झालं. चार मिनिटं... गेला होता. परत आला."

काकांनी दाराकडे पाहिलं. "कोण?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. काहीतरीच काय बोलता, म्हणाले आणि तरातरा बाहेर पडले. गाडीत मात्र मी दादाकडे एकदाही पाहिलं नाही.

घरी त्यानं अ‍ॅम्प बाहेरच्या खोलीत मांडला, गिटार जोडून स्टँडवर ठेवली, बटण दाबलं. तेवढ्यात वहिनीनं स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली. दादा येऊन टेबलाशी माझ्यासमोर बसला. वहिनी आमच्याकडे पाठ करून ओट्याशी भाजी चिरत होती. बाहेरच्या खोलीतून घुरघुर ऐकू येत होती.

आणि ती थांबली.

पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली.

दोनदा.

वहिनी पाठमोरीच हसली. "आली का स्वारी रंगात! तुमची ती खोड परत आली बघा. मला वाटलं, विसरलात. आता वाजवा काहीतरी."

ती मागे वळली. दादा टेबलाशी बसलेला तिला दिसला. त्याचे दोन्ही हात समोरच्या रिकाम्या ताटाच्या दोन बाजूंना होते. तिच्या हातातली सुरी खाली पडली. बाहेर शांत होतं... कुणीतरी तळहात तारांवर ठेवून वाट बघत असावं, इतकं शांत.

दादा दचकला नाही. तो खालमानेनं म्हणाला, "चिमे, बंद कर ना ते."

मग अगदी हळू, "शेवटी सापडलंच त्याला घर."

मी बाहेर धावले. खोलीत कुणी नव्हतं. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच थिजले. बटण दाबलं, तर माझ्या भावाला आणखी कसं बोलता येणार होतं? मी हात मागे घेतला. "दादा," मी रिकाम्या खोलीत म्हणाले. घुरघुर एकदा सुरू झाली आणि थांबली. मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले.

त्याला आज बारा दिवस झाले. अ‍ॅम्प मी कुणाला बंद करू देत नाही. रोज दुपारी आवाज दोनदा बसायचा, तेवढ्यासाठी मी शाळेतून धावत यायचे. वहिनी त्या वेळी स्टँडशेजारी बसून राहायची. टेबलाशी बसणारा आम्हाला काही विचारायचा नाही. फक्त त्याचं जेवण रोज कमी होत होतं.

काल दुपारी घुरघुर थांबली नाही. रात्रभर थांबली नाही. आत्ताही चालू आहे, तुम्हाला ऐकू येत असेल.

आज सकाळी तो नाश्त्याला बसला. समोर ताट आलं. खायला सुरुवात करण्याआधी त्यानं तळहात टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे बघून हसला. अगदी माझ्या दादासारखं.

वहिनी आनंदानं रडायला लागली. म्हणाली, "आले गं, हे आत आले."

असेलही. गिटारच्या तारांना एकदा हात लावायला सांगितलं, की कळेल. स्टँड इथून सहा पावलांवर आहे. सकाळपासून मी त्याला सांगू शकलेले नाही.