आप्पांची लाकडं

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि माझा नवराही साक्षीला होता.

गेल्या डिसेंबरातला रविवार. दिवेआगरची आमची वाडी. दिवेलागणीची वेळ.

माझा धाकटा भाऊ केतन याने वाडीत पाहुण्यांसाठी टायनी होम बांधलं होतं. टायनी कसलं, खुराडं! पलंगावरून पाय खाली टाकला की थेट मोरीत. त्यात त्याला हवा होता लाकडावरचा स्टोव्ह.

कोकणात! जिथे डिसेंबरातही पंखा लागतो, तिथे!

तीन महिने तो मोबाइलवर स्टोव्ह निवडत होता. एवढी अक्कल बारावीला लावली असती तर बरं झालं असतं. शेवटी काचेच्या दाराचा, सगळ्यात मोठा घेतला. कारण फोटोत छान दिसतो.

बसवणारा फिटर म्हणाला, "शेठ, एवढ्याशा खोलीत हा लावलात तर माणूस उकडून निघंल. छोटा घ्या."

"तू फक्त बसव," केतन म्हणाला.

फिटरने स्टोव्हमागे सिमेंटचा बोर्ड ठोकला, छपरातून पाइप वर काढला. कागद पेटवून पाहिला. धूर झकास वर गेला.

मी हसले. आमच्या अंघोळीच्या बंबालाही असाच पाइप होता, पण त्याचे फोटो कोणी काढले नाहीत.

मग केतन सरपण घेऊन आला आणि माझं हसू थांबलं.

ती आप्पांची, आमच्या वडिलांची लाकडं होती.

वादळात आमचा आंबा पडला, तेव्हा आप्पांनी तो फोडून विहिरीमागे रचून ठेवला होता. स्वतःच्या चितेसाठी. आमच्याकडची म्हातारी माणसं ठेवतात तशी. पण आप्पा वारले शहरात, आणि या शहाण्याने त्यांना तिथेच विद्युतदाहिनीत दिलं. गावी न्यायला वेळ नव्हता म्हणे!

"केतन, ती ठेव जागेवर."

"ताई, टेन्शन नको घेऊ. वर्ष झालं. वाळवी खाणार, त्यापेक्षा वापरलेली बरी."

त्याची बायको अमिषा मोबाइल धरून तयारच होती. त्याने काडी लावली.

लाकडं भडकली. काचेमागे लालभडक जाळ.

पण...

ऊब आली नाही.

मी काचेला हात लावला. थंडगार! रांजणाला लावावा तसा.

"पाइप चुकीचा बसवलाय त्या फिटरने," केतन म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं!

माझे यजमान गणराज बाहेर जाऊन आले.

"अरे, पाइपातून धूरच न्हाय."

खोलीतही धूर नव्हता. जाळ होता, पण लाकडं तडतडत नव्हती. काही म्हणजे काही आवाज नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या ठमीकाकूने हाक मारली.

"विनिता... कोन गेलं गो गावात?"

"कोणी नाही. का?"

"मंग मसनात कोनाला पेटवलाय?"

सुरूच्या बनामागे धूर चढत होता...

आम्ही धावलो. स्मशानात चिता जळत होती. नीट रचलेली, डोक्याएवढी उंच. तडतडत होती, तिची धग दहा हातांवरून तोंडाला लागत होती.

आजूबाजूला एकही माणूस नव्हता.

वाळूत एक पाऊलही नव्हतं.

परत आलो, तर स्टोव्ह रिकामा. चिमूटभर राख नाही. विहिरीमागे गेलो...

सगळा ढीग नाहीसा झाला होता.

केतनची बोबडी वळली. एरवी सगळ्यांना शहाणपण शिकवणारा, बायकोला घेऊन तासाभरात गाडीने पसार झाला. असा हा आप्पांचा एकुलता एक मुलगा!

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच स्मशानात गेले. गावातलं कोणी त्या राखेला हात लावायला तयार नव्हतं. मला वाटलं होतं, नुसती राख असेल.

राखेत अस्थी होत्या.

मी केतनला फोन केला. राखेत काय सापडलं ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी दाहिनीतून आप्पांच्या अस्थी आणायला मी गेलो नव्हतो. मीटिंग होती. ड्रायव्हरला पाठवला होता."

मी फोन कापला. असल्या माणसाशी काय बोलायचं?

या अस्थी मडक्यात भरून मी वाडीतल्या पोफळीला टांगल्या. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला नेल्या. गुरुजींनी नाव विचारलं. मी आप्पांचं नाव, गोत्र सांगितलं.

गुरुजींनी मान वर केली.

"अहो, यांच्या अस्थी गेल्या वर्षी तुम्हीच आणल्या होत्यात ना?"

हो. मीच आणल्या होत्या. रडत रडत, माझ्या हातांनी पाण्यात सोडल्या होत्या.

त्या कोणाच्या होत्या?